घाट ओलांडणाऱ्या हवेचा हिशेब

ही कृती एक किलो हवेची आहे. हवा पोलादपूरची घ्यायची, आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढवायची, वाटेत तिच्यातलं पाणी काढून घ्यायचं आणि पसरणीच्या उतारावरून वाईत सोडायची. हे सगळं आधी कागदावर करायचं आणि मग जमलं तर दोन थर्मामीटर घेऊन रस्त्यावर.

वाट मुद्दाम ही निवडली आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला, जवळजवळ तेवढ्याच उंचीवरच्या पाचगणीला 1,700 च्या आसपास, आणि खाली वाईला 700 च्या थोडा पुढे. शाळेच्या भूगोलात हे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ एवढ्या दोन शब्दांत उरकतात. त्या दोन शब्दांमागे काय घडतं, हे आकड्यांनी पाहायला एक दुपार पुरते. गणित आठवीच्या मुलाला झेपेल असं आहे. फक्त कोणता आकडा वाटेत बदलतो आणि कोणता टिकतो, याचं भान सुटू द्यायचं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: बातम्यांत रोज ऐकू येणारी सापेक्ष आर्द्रता या प्रवासात सगळ्यात कमी उपयोगाची आहे, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर सगळ्यात जास्त.

साहित्य

आलेखकागद, पेन्सिल, कॅल्क्युलेटर. एकसारखे दोन थर्मामीटर, शक्यतो पाऱ्याऐवजी रंगीत अल्कोहोलचे, कारण ते गरागरा फिरवायचे आहेत. मलमलीची छोटी पट्टी. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर गाळलेलं पावसाचं पाणी. उंची दाखवणारा फोन. दोन्ही थर्मामीटर एका लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी बांधा आणि पट्टीला एका टोकाशी फिरती मूठ बसवा. एका थर्मामीटरच्या फुग्याला मलमल गुंडाळा. नव्या कापडाला खळ असते. ती उकळून काढली नाही तर पाणी नीट शोषलं जात नाही आणि आकडा एखाद्या अंशानं वर राहतो.

याशिवाय एक छोटा तक्ता लागेल. दिलेल्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्पदाब मावतो, त्याचा. हेक्टापास्कलमध्ये: 20 अंशांना 23.4, 21 ला 24.9, 22 ला 26.4, 23 ला 28.1, 24 ला 29.8, 25 ला 31.7, 26 ला 33.6, 27 ला 35.7, 28 ला 37.8, 29 ला 40.1, 30 ला 42.4. मधल्या दशांशांसाठी दोन आकड्यांच्या दरम्यान सरळ रेघेनं अंदाज घेतला तरी चालतो.

पहिली पायरी: पायथ्याची हवा मोजा

सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, फडकं भिजवून पट्टी दोन मिनिटं फिरवा. थांबल्या थांबल्या ओला थर्मामीटर आधी वाचा, कारण वारा थांबला की तो लगेच चढू लागतो. कोरडा नंतर. पुन्हा फिरवा, पुन्हा वाचा. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला की तो खरा.

आपल्या हिशेबासाठी पावसाळी दिवसाचे आकडे धरू. उंची 50 मीटर, हवेचा दाब 1000 हेक्टापास्कल, कोरडा थर्मामीटर 29 अंश, ओला 26.

ओल्या थर्मामीटरवरून हवेतला खरा बाष्पदाब काढायचा. ओल्याच्या तापमानाचा तक्त्यातला आकडा घ्या, 33.6. दोन थर्मामीटरमधला फरक 3 अंश. त्याला 0.665 नं गुणा. हा गुणक 1000 हेक्टापास्कलचा आहे, दाब कमी असेल तर त्याच प्रमाणात तोही कमी करायचा. 33.6 मधून 2 वजा केले की 31.6 उरतात. तक्त्यात हा आकडा जवळजवळ 25 अंशांसमोर आहे. म्हणजे या हवेचा दवबिंदू 25. एवढी थंड केली की ती संपृक्त होईल आणि पाणी सोडू लागेल.

आता एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प आहे ते काढा. 622 ला बाष्पदाबानं गुणा, आणि एकूण दाबातून बाष्पदाब वजा करून जे उरेल त्यानं भागा. उत्तर 20.3 ग्रॅम. याला मिश्रण गुणोत्तर म्हणतात. नाव जड आहे, पण या कृतीतला खरा जमाखर्च याच आकड्याचा आहे. हवा फुगली, आकसली, तापली, गार झाली, तरी पाणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही तोवर हे 20.3 हलत नाही.

सापेक्ष आर्द्रताही लिहून ठेवा: 31.6 भागिले 40.1, म्हणजे 79 टक्के. ती का लिहायची, ते वाईत कळेल.

दुसरी पायरी: ढगाचा पाया शोधा

आलेखकागदावर उभी बाजू उंचीची आणि आडवी तापमानाची. 50 मीटरच्या रेषेवर तीन ठिपके द्या: 29 वर, 26 वर, 25 वर. प्रत्येक ठिपक्यापासून वर एक रेघ न्यायची आहे आणि प्रत्येक रेघेचा कल वेगळा आहे.

कोरड्या तापमानाची रेघ किलोमीटरमागे 9.8 अंशांनी उतरते. हा आकडा पाठ करण्यापेक्षा तो येतो कुठून ते पाहावं. एक किलो हवा एक किलोमीटर उचलायला 9,800 ज्यूल लागतात. चढणारी हवा कमी दाबात जाते, फुगते, आणि फुगण्याची किंमत स्वतःच्या उष्णतेतून मोजते. बाहेरून कोणी उष्णता देत नाही की काढून घेत नाही. हवामानशास्त्रात या बदलाला अॅडियाबॅटिक म्हणतात. एक किलो हवा एक अंशानं गार करायला साधारण 1,005 ज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार केला की 9.8 हाती येतं.

इथे शाळेतला 6.5 अंशांचा दर वापरायचा मोह होतो. तो वापरू नका. 6.5 हा वातावरणाचा सरासरी उतार आहे, म्हणजे हवा जागच्या जागी ठेवून आपण वर चढत गेलो तर साधारण काय दिसेल ते सांगणारा. आपण हवाच उचलतो आहोत. दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवतात म्हणून त्यांची गल्लत होते आणि नंतर आयुष्यभर टिकते.

दवबिंदूची रेघ किलोमीटरमागे सुमारे 1.8 अंशांनी उतरते. पाणी तेवढंच असताना दवबिंदू का उतरावा? कारण हवेचा एकूण दाब उतरतो आणि त्यातला बाष्पाचा वाटाही त्याच प्रमाणात उतरतो. याच कारणानं घनमीटरमागचे बाष्पाचे ग्रॅम, म्हणजे निरपेक्ष आर्द्रता, तीही कमी होते. ग्रॅम तेवढेच, जागा जास्त. पायथ्याला घनमीटरमागे 22.7 ग्रॅम होते, ते ढगाच्या पायाशी 21.8 होतील. थेंबभर पाणीही सांडलेलं नाही.

ओल्या थर्मामीटरची रेघ अशा उबदार हवेत किलोमीटरमागे सुमारे 3.9 अंशांनी उतरते.

तिन्ही रेघा काढा. 50 मीटरच्या वर 500 मीटर गेल्यावर, म्हणजे 550 मीटर उंचीवर, त्या एका ठिपक्यात मिळतात: 24.1 अंश. 29 मधून 4.9 गेले, 25 मधून 0.9, 26 मधून 1.9. तिघं तिथे एक झाले की हवा संपृक्त, आणि तोच ढगाचा पाया. रेघा एका ठिपक्यात मिळाल्या नाहीत तर तुमच्या तीन वाचनांपैकी एखादं चुकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते ओल्याचं असतं. (घाईत असाल तर कोरडं तापमान वजा दवबिंदू, गुणिले 125. उत्तर मीटरमध्ये मिळतं: 4 गुणिले 125, 500.)

तीन रेघांचं हे नातं चार्ल्स नॉर्मंड यांनी भारतीय हवामान खात्यात असताना मांडलं. त्यांचा निबंध 1921 मध्ये खात्याच्याच प्रकाशनात आला. पुढे ते खात्याचे महासंचालक झाले. 1928 मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि 1944 मध्ये दिल्लीला जाईपर्यंत इथेच होतं. शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक त्याच स्थलांतराची खूण आहे. हवामान शास्त्रज्ञ हाच हिशेब टेफिग्राम नावाच्या आलेखावर करतात. तिथे रेघा आधीच छापलेल्या असतात आणि त्यांतल्या काही सरळ नसून किंचित वळलेल्या असतात. हजार-दीड हजार मीटरच्या आपल्या घाटाला सरळ रेघा पुरतात.

तिसरी पायरी: ढगातून वर

550 मीटरच्या वर कोरड्या आणि दवबिंदूच्या रेघा पुसून टाका. आता एकच रेघ उरते, ओल्या थर्मामीटरची, आणि हवा तिच्यावरून चालते. कारण चढताना हवा गार होते तसं बाष्पाचं पाणी होतं, आणि पाणी होताना बाष्प आपल्यातला अप्रकट उष्मा हवेला परत देतं. एका ग्रॅममागे सुमारे 2,450 ज्यूल. म्हणून 9.8 च्या जागी उतार 4 च्या आसपास येतो. हा 4 मात्र कायमचा नव्हे. उबदार, दमट हवेत बाष्प भरपूर, म्हणून परतावा मोठा. थंड हवेत पाणीच कमी, तिथे दर वाढत वाढत 9.8 च्या जवळ जातो. हिमालयातल्या हिवाळ्याला कोकणातल्या जुलैचा दर लावू नये.

महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर. ढगाच्या पायापासून 800 मीटर, म्हणजे 3.2 अंशांचा उतार. माथ्यावर हवा 20.9 अंशांची. कोरडी राहिली असती तर 16.3 झाली असती. मधले साडेचार अंश बाष्पानं भरून दिले.

माथ्यावरचा दाब साधारण 862 हेक्टापास्कल धरा. इथे एक खबरदारी. हवामान खात्याच्या नकाशांवर जो दाब दिसतो तो बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो. तो महाबळेश्वरसाठी वापरलात तर सगळा हिशेब बिघडेल. आपल्याला त्या जागेवरचा दाब हवा. तो मोजायचं साधन नसेल तर पायथ्याजवळ दर 100 मीटरला 11 आणि माथ्याजवळ 10 हेक्टापास्कल वजा करत जा.

20.9 अंशांना तक्त्यात 24.7 मिळतात. मिश्रण गुणोत्तर पुन्हा काढा: 622 गुणिले 24.7, भागिले 837.3. उत्तर 18.3 ग्रॅम. निघताना 20.3 होते. दर किलो हवेमागे 2 ग्रॅम पाण्याचे थेंब झाले.

दोन ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत. म्हणून एक आडवाट घेतो. समजा एक किलोमीटर जाडीचा हवेचा थर सेकंदाला 10 मीटर वेगानं घाटावर चढतो आहे. घाटाच्या दर मीटर रुंदीमागे सेकंदाला साडेअकरा हजार किलो हवा येते आणि प्रत्येक किलोमागे 2 ग्रॅम टाकते, म्हणजे सेकंदाला 23 लिटर पाणी. ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यावर सारखं पसरलं तरी तासाला 4 मिलिमीटर पाऊस झाला, दिवसाला 100 च्या आसपास. हा अगदी ढोबळ हिशेब आहे. सगळी हवा सारखी चढत नाही आणि सगळं पाणी पडत नाही. पण माथ्यावरच्या मुसळधार पावसाला ढगफुटीसारखं काही वेगळं कारण शोधायची गरज नाही, हे त्यातून दिसतं. वारा चालू राहिला की झालं.

चौथी पायरी: पाणी सोडायचं की ठेवायचं

इथे कृतीत निवड आहे, आणि पुढचं सगळं या निवडीवर अवलंबून आहे.

सगळे थेंब हवेबरोबरच राहिले, पाऊस पडलाच नाही, असं धरलं तर हवा आल्या वाटेनं परत जाते. उतरताना ती तापू पाहते, पण थेंब विरतात आणि दिलेली उष्णता परत मागून घेतात. पुन्हा तोच 4 चा दर. वाई सुमारे 700 मीटरवर. तिथे ही हवा 23.5 अंशांची आणि अजून ढगातच असेल. असं झालं असतं तर वाईकरांना पावसाळाभर धुक्यात राहावं लागलं असतं.

सगळं पाणी माथ्यावर पडून गेलं असं धरलं तर उतरणाऱ्या हवेत विरायला काहीच उरत नाही. ती पहिल्या पावलापासून 9.8 च्या दरानं तापते. 650 मीटर उतरली, 6.4 अंश चढले: 27.3. दवबिंदूही 1.8 च्या दरानं थोडा वर येतो, 22.1. तोच 18.3 ग्रॅमचा ऐवज, फक्त दाब वाढला.

खरं वागणं या दोहोंच्या मधलं. समजा 2 पैकी 1 ग्रॅम पडला आणि 1 हवेबरोबर गेला. चढताना 800 मीटरमध्ये 2 ग्रॅम सुटले होते, तेव्हा एक ग्रॅम विरायला साधारण 400 मीटर लागतील. म्हणजे 950 मीटरपर्यंत ढग आणि 4 चा दर, तिथे 22.5 अंश. पुढचे 250 मीटर कोरडा दर. वाईत 24.9. पसरणी घाटात ढगाची कड ज्या उंचीवर विरताना दिसते तिच्यावरून उलटा हिशेब करून माथ्यावर किती पाणी सांडलं ते काढता येतं. भाबड्या वाटणाऱ्या या गणिताचा मला हा भाग सगळ्यात आवडतो. पावसाचं मोजपात्र न वापरता, नुसत्या ढगाच्या कडेवरून पावसाचा अंदाज.

सगळं पाणी पडून गेलेल्या हवेचे आकडे आता ओळीनं मांडा. कोरडं तापमान, ओलं, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता, किलोमागचे ग्रॅम, घनमीटरमागचे ग्रॅम, या क्रमानं:

पायथा, 50 मीटर: 29.0, 26.0, 25.0, 79 टक्के, 20.3, 22.7.
ढगाचा पाया, 550 मीटर: 24.1, 24.1, 24.1, 100 टक्के, 20.3, 21.8.
माथा, 1,350 मीटर: 20.9, 20.9, 20.9, 100 टक्के, 18.3, 18.2.
वाई, 700 मीटर: 27.3, 23.5, 22.1, 73 टक्के, 18.3, 19.2.

सापेक्ष आर्द्रतेचा रकाना वरून खाली वाचा. 79 चे 100, 100 चे 73. नुसतं पोलादपूर आणि वाई पाहणाऱ्याला वाटेल, सहा टक्क्यांचा फरक, वाटेत फारसं काही घडलं नाही. प्रत्यक्षात हवेनं दहातला एक हिस्सा पाणी गमावलंय आणि बदल्यात साडेचार अंशांहून जास्त ऊब कमावली आहे. ती ऊब पाहायची तर वाईची हवा कागदावर 9.8 च्या दरानं पुन्हा 50 मीटरपर्यंत उतरवा: 33.6 अंश. निघाली तेव्हा 29 ची होती. सापेक्ष आर्द्रता हा भागाकार आहे. वरचा आकडा बदलला की खालचा, ते ती सांगत नाही. कपडे वाळतील का, एवढं विचारायला ती ठीक आहे. हवेचा प्रवास शोधायला नाही.

आता ओल्या थर्मामीटरचा रकाना. वाईत 23.5. पश्चिमेच्या चढावर 700 मीटरला, ढगात, तोच आकडा होता. पाऊस पडून गेला तरी 23.5, नाही पडला तरी 23.5. एक ग्रॅम पडला त्या मधल्या हिशेबातही वाईतला ओला थर्मामीटर 23.5 च दाखवतो. पाणी बाष्पातून थेंबात गेलं काय किंवा थेंबातून बाष्पात आलं काय, कोरडा थर्मामीटर आणि दवबिंदू विरुद्ध दिशांना सरकतात आणि ओला आपल्या उंचीच्या रेघेवर टिकून राहतो. दोन ठिकाणची हवा मुळात एकच आहे का, हे विचारायचं असेल तर त्याला विचारावं.

पाचवी पायरी: रस्त्यावर पडताळा

दिवस असा निवडा की पश्चिमेचा वारा स्थिर आहे आणि पूर्वेलाही आभाळ झाकलेलं आहे. वाईत ऊन पडलं की जमीन हवेला वेगळी उष्णता देते आणि ओला थर्मामीटरही चढतो. मग हिशेब आपल्या एक किलो हवेचा राहत नाही. आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद होत असतो. निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करा, आणि अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी कागदावरच समाधान माना.

एकच गाडी असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, हवेच्या दिशेनं. त्याहून चांगलं म्हणजे तिघांनी पोलादपूर, महाबळेश्वर आणि वाई अशी ठिकाणं वाटून घेऊन एकाच वेळी मोजणं. मग तीन तासांत हवामान बदललं का, ही शंका उरत नाही. मोजायला गाडीतून उतरून वाऱ्याच्या बाजूला, बॉनेटपासून दूर उभं राहा. थर्मामीटर गाडीच्या एसीत गार झालेले असतील तर बाहेर आल्यावर त्यांना दहा मिनिटं द्या. चढावर दर 100 मीटर उंचीला, जिथे गाडी सुरक्षित उभी करता येईल तिथे, दोन्ही आकडे लिहा.

ढगात शिरल्याची खूण डोळ्यांआधी थर्मामीटर देतात: दोघांतला फरक 3 वरून 2, 1, अर्धा असा आटत जातो आणि दोघे एक होतात. फोनवरून तिथली उंची टिपा आणि 125 च्या सूत्राशी ताडून पाहा. पन्नास-शंभर मीटरचा फरक पडला तर चिंता नको. जोराच्या पावसात कोरडा थर्मामीटर भिजतो आणि तोही ओल्यासारखा वागू लागतो. छत्री धरा, पुसा, पुन्हा मोजा. डिजिटल आर्द्रतामापकाचा धुक्यात भरवसा धरू नका. एकदा 99 दाखवायला लागला की उतारावरही बराच वेळ तिथेच अडकून राहतो.

वाईतले आकडे कागदाशी जुळले नाहीत तर आधी ओला थर्मामीटर पाहा. तो 23.5 च्या आसपास असेल आणि फक्त कोरडा 27.3 च्या खाली असेल, तर हवा तीच आहे. पाणी पूर्ण सांडलेलं नाही किंवा वाटेत हलक्या सरी तिच्यात विरल्या आहेत. ओलाच अंश-दीड अंशानं वेगळा असेल तर वाईची हवा पोलादपूरची नाही. ती घाटाच्या वरून, जास्त उंचीवरून आलेली असेल, किंवा जमिनीनं तापवलेली, किंवा दोहोंची सरमिसळ. असं वरचेवर होईल. सह्याद्रीची भिंत ओलांडणारी सगळी हवा पायथ्यापासून चढत नाही. पण आपला हिशेब कुठे तुटला हे दाखवायला तो हिशेबच लागतो.

हेच मे महिन्यात

कृती हातात बसली की तिच्यात दुसरे आकडे घालून पाहा. पुण्याची मेमधली दुपार: कोरडं 38, दवबिंदू 10. फरक 28, गुणिले 125, म्हणजे जमिनीपासून 3,500 मीटरवर ढगाचा पाया, आणि तिथे हवा 4 अंशांच्या जवळ. पावसाळ्यात घाटमाथ्याला घासत जाणारा ढग आणि हा, यांच्यात सात पटींचं अंतर.

या साडेतीन किलोमीटरच्या कोरड्या पोकळीतून वळवाचे थेंब पडतात तेव्हा बरेचसे वाटेतच विरतात. विरताना हवेची उष्णता घेतात. गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी धूळ घेऊन येणारा तो गार झोत हाच. तो किती गार असू शकेल? ओल्या थर्मामीटरला विचारा. 38 आणि 10 ची जोडी घेऊन पहिल्या पायरीचं सूत्र उलटं चालवा. पुण्याचा दाब 940 च्या आसपास, म्हणून गुणक 0.625. ओल्यासाठी 20 अंश घालून पाहा: 23.4 वजा 18 गुणिले 0.625, म्हणजे 12.1. 10 अंश दवबिंदूचा बाष्पदाब 12.3. जवळजवळ जुळलं. म्हणजे जमिनीलगतच्या या हवेत कितीही पाऊस विरला तरी पारा 20 च्या खाली नेता येणार नाही, आणि सहसा तो तिथवर पोचतही नाही. मात्र खाली कोसळणारी हवा खूप वरून, वेगळ्या थरातून आली असेल तर तिचा तळ तिच्या स्वतःच्या ओल्या थर्मामीटरवरून ठरतो. ती उतरताना जर थेंब संपले, तर उरलेलं अंतर ती 9.8 च्या दरानं तापत खाली येते. कधी कधी वादळाचा झोत गार न लागता कोमट लागतो तो यामुळे.

मोजायचं असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास, आभाळ भरायला लागण्याआधी, दोन्ही थर्मामीटर वाचून ठेवा. एकदा झोत आला की समोरची हवा बदललेली असते आणि तुलना करायला आधीचे आकडे हातात नसतात.